सेटिंग्जची जुनी खिडकी बदलण्याआधी

गेल्या जूनमध्ये चार दिवस डोळखांबला घरी गेले होते. निघायच्या दिवशी दुपारी ओळखीच्या एका दादाच्या दुकानात बसले. झेरॉक्स, फोटो, दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज असं सगळं एकाच टेबलावर चालतं. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे आणि मराठी टायपिंग तो इनस्क्रिप्ट कीबोर्डवर करतो. मी इंटरफेसवर पीएचडी करते, त्यामुळे कुणाचा कॉम्प्युटर दिसला की माझे हात शिवशिवतात. म्हटलं, "दादा, हे इनस्क्रिप्ट किती जुनं! आता फोनेटिक आलंय. इंग्रजीत 'नमस्कार' टाइप कर, मराठी आपोआप होतं." सेटिंग्ज उघडून मराठी फोनेटिक कीबोर्ड टाकला. दोन कीबोर्ड असले की गोंधळ होतो, म्हणून इनस्क्रिप्ट काढूनही टाकला. मी स्वतः 'नमस्कार' टाइप करून दाखवला. तो म्हणाला, "छान आहे गं." मी एसटीने आसनगावला आले आणि लोकल पकडली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याचा फोन. "अगं, काल काय करून ठेवलंस? एक शब्द नीट उमटत नाही. माणसं थांबलीत."

अकरावीच्या ॲडमिशनचे दिवस होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोक रांगेत होते. त्यांतल्या एक मावशी पेरणीचं काम टाकून वाडीवरून चालत आलेल्या. फोनवरून मी त्याला वाट सांगायला लागले, पण माझ्यासमोर विंडोज ११ होतं आणि त्याच्यासमोर विंडोज १०. "भाषेच्या नावापुढे तीन ठिपके दिसतात का?" "ठिपके नाहीत." मध्येच लाईट गेली. शेवटी काम सुरू झालं तोवर मावशी परत गेल्या होत्या. त्यांचा अर्ज दुसऱ्या दिवशी भरला. म्हणजे दुसरी खेप झाली आणि आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली.

चूक माझी होती, आणि ती नुसती निष्काळजीपणाची नव्हती. इंटरफेस बदलताना संशोधक ज्या चुका करतात, त्यांतल्या बहुतेक मी त्या अर्ध्या तासात करून मोकळी झाले. तुमच्यापैकी जे ह्युमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे एचसीआय या विषयात शिरायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी आज त्याच चुका सावकाश उलगडून पाहू. विषय एकच ठेवते : एखादं जुनं सेटिंग्जचं साधन नव्याने डिझाइन करायचं असेल तर संशोधन कुठून सुरू करायचं?

आधी इतिहास : मराठीची वाट कुठून कुठे गेली

विंडोजमधलं कंट्रोल पॅनेल १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मराठी माणसाचा त्याच्याशी खरा संबंध आला तो २००० नंतर. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली, सोबत मंगल हा फॉन्ट आला. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि पुढची कित्येक वर्षं आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरवर तेच होतं.

एक्सपीमध्ये मराठी सुरू करायची वाट आठवून पाहा. कंट्रोल पॅनेल, मग 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स', मग 'लँग्वेजेस' हा टॅब. तिथे एक चौकोन असायचा. त्यापुढे लिहिलेलं असायचं : कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फाइल्स इन्स्टॉल करा, थाईसह. त्यावर टिक करायची, विंडोजची सीडी घालायची, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. मग पुन्हा तिथेच जाऊन 'डिटेल्स' बटण दाबायचं, 'ॲड' करायचं, यादीतून मराठी निवडायची.

आता त्या चौकोनापुढचं वाक्य मराठी माणसाच्या नजरेने वाचा. त्यात मराठी नाही, हिंदी नाही, देवनागरी नाही. थाई आहे! आपण उजवीकडून डावीकडे लिहीत नाही, आणि आपली लिपी 'कॉम्प्लेक्स' आहे असं बाराखडी गिरवलेल्या कुणालाही वाटत नाही. पण प्रोग्रॅमरच्या बाजूने पाहिलं तर वाक्य अगदी बरोबर आहे. 'कि' लिहिताना वेलांटी 'क'च्या नंतर टाइप होते आणि दिसते मात्र आधी. जोडाक्षरात अक्षरांचे आकार बदलतात. अशा लिप्यांना जी वेगळी मांडणी-यंत्रणा लागते तिला ते लोक कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणतात. अरबी, हिब्रू, थाई आणि भारतीय लिप्या त्यांच्या लेखी एका पेटीत बसत होत्या, म्हणून चौकोनही एकच.

एचसीआयमधला एक पायाभूत फरक इथे डोळ्यांनी दिसतो. यंत्रणा जशी बांधलेली असते ते एक मॉडेल आणि वापरणाऱ्याच्या मनात जे असतं ते दुसरं, त्याला मेंटल मॉडेल म्हणतात. वापरणाऱ्याच्या मनात इतकंच होतं : मला मराठी लिहायचंय. खिडकी मात्र यंत्रणेच्या पोटातली भाषा बोलत होती. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८० च्या दशकात अशा अंतराला दोन दऱ्यांची नावं दिली. एक कृतीची दरी : मला हवं ते करायला नेमकं काय दाबू? दुसरी मूल्यमापनाची दरी : दाबलं खरं, पण झालं की नाही हे कशावरून कळणार? आमच्या फोनवर दोन्ही होत्या. त्याला काय दाबायचं ते दिसत नव्हतं आणि मला त्याच्यासमोर काय आहे ते कळत नव्हतं.

पुढचा प्रवास थोडक्यात. २००७ मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टामध्ये ह्या लिप्यांची सोय आधीपासूनच बसवलेली होती, तो चौकोन गेला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत चांगली सुधारणा. चौकोनाचा रंग बदलला नाही, शब्द सोपे केले नाहीत. ती पायरीच काढून टाकली. कीबोर्डसाठी स्वतंत्र टॅबही व्हिस्टामध्येच आला. २०१२ च्या विंडोज ८ पासून टच स्क्रीन डोळ्यांसमोर ठेवून वेगळी सेटिंग्ज सुरू झाली आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये ती मुख्य झाली. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटमध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड आले. मी दादाला टाकून दिला तो यांतलाच.

पण जुनं कंट्रोल पॅनेल गेलं नाही. दोन घरं शेजारी-शेजारी उभी राहिली.

जुनं का जात नाही?

नवख्या संशोधकाला पहिल्यांदा वाटतं की हा आळस आहे. मलाही तसंच वाटायचं. जरा खोदलं की कारणं दिसू लागतात.

एक, कंट्रोल पॅनेलमध्ये बाहेरच्या कंपन्याही आपली खिडकी बसवू शकत होत्या. साउंड कार्ड, प्रिंटर, टचपॅड यांच्या खिडक्या तिथेच राहायच्या. घर पाडायचं तर भाडेकरूंचं काय?

दोन, काही सेटिंग्ज दिसतात त्यापेक्षा खोलवर गेलेल्या असतात. उदाहरण घ्या : आकड्यांतले स्वल्पविराम. आपण १२,३४,५६७ लिहितो, इंग्रजी पद्धतीत तोच आकडा १,२३४,५६७ असा लिहितात. विंडोजमध्ये ही निवड जुन्या 'रीजन' खिडकीत, 'ॲडिशनल सेटिंग्ज'च्या आत असते, आणि एक्सेल ती तिथूनच उचलतं. पतपेढीचा हिशेब लाखांच्या पद्धतीने दिसावा म्हणून कुणीतरी कधीतरी ते एकदाच बदलून ठेवलेलं असतं. नव्या डिझाइनमध्ये 'हे फारसं कुणी उघडत नाही' म्हणून तुम्ही ते वगळलंत, तर पुढचा कॉम्प्युटर घेताना तो माणूस अडतो. क्वचित उघडली जाणारी खिडकी बिनमहत्त्वाची असतेच असं नाही.

तीन, इंटरफेसमध्ये नियम गोठून बसतात. विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायची ती छोटी उभी खिडकी तुम्ही पाहिलीच असेल. ती डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या इंजिनिअरने १९९४ च्या अखेरीस लिहिली. त्यांनीच नंतर सांगितलंय की ती तात्पुरती होती, पुढे कुणीतरी चांगली करेल असं धरून. ती तीस वर्षं टिकली. फॅट ३२ प्रकारात ३२ जीबीपेक्षा मोठा भाग फॉरमॅट करता येणार नाही, ही मर्यादाही त्यांनी त्याच वेळी ठरवलेली. त्या काळात ३२ जीबी म्हणजे अफाटच. २०२४ मध्ये विंडोजच्या चाचणी आवृत्तीत कमांड लाइनसाठी ही मर्यादा २ टीबी केली गेली. एका सकाळचा निर्णय असा तीस वर्षं जगभरच्या पेन ड्राइव्हवर चालला.

यातून संशोधकाने घ्यायचं ते हे : जुन्या खिडकीतली प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका कारणाने तिथे असते. कुणाला तरी लागते, कशाला तरी जोडलेली असते, किंवा कधीकाळी कुणी ठरवली आणि राहून गेली. पहिल्या दोन ठेवायच्या, तिसरी काढायची. पण नुसत्या चेहऱ्यावरून तिन्ही सारख्याच दिसतात. म्हणून पहिलं काम चित्र काढणं नाही, यादी करणं.

पहिलं काम : यादी

कागदावर किंवा स्प्रेडशीटवर खिडकीतली प्रत्येक निवड एका ओळीत लिहा. पुढे पाच रकाने : ही बदलली की नेमकं काय बदलतं? कोण बदलतं? किती वेळा? चुकली तर काय होतं? चुकलेलं परत आणता येतं का?

कीबोर्डची ओळ भरून पाहू. काय बदलतं? टाइप केलेलं अक्षर. कोण बदलतं? नवीन कॉम्प्युटर लावणारा माणूस, बहुधा एकदाच. चुकली तर? टायपिंग बंद, म्हणजे दुकान बंद. परत आणता येतं का? हो, वाट माहीत असेल तर.

'क्वचित, पण चुकलं तर महाग' असे रकाने मी त्या दुपारी भरले असते, तर इनस्क्रिप्ट काढून टाकण्याआधी हात थांबला असता. नवा कीबोर्ड जोडणं ही सुधारणा होती. जुना काढणं ही ती सुधारणा नव्हतीच; ती माझी टापटिपीची हौस होती. दोन बदल मी एका झटक्यात केले. संशोधनात तर हे दुप्पट वाईट, कारण परिणाम कशाचा हेच कळत नाही.

दुसरं काम : कोण, काय, कुठे

माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये प्रश्न असा होता : "नवा इंटरफेस जुन्यापेक्षा चांगला आहे का?" गाइडनी त्यावर लाल रेघ मारली. तेव्हा राग आला होता. पण हा प्रश्न तपासताच येत नाही. चांगला कुणासाठी, कशासाठी, कुठल्या परिस्थितीत?

आयएसओ ९२४१-११ या मानकात वापरसुलभतेची व्याख्या आहे. ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्टं, ठरावीक वापराची परिस्थिती या तिन्हींच्या चौकटीतच ती मोजायची. मोजायच्या गोष्टीही तीन : काम नीट पूर्ण झालं का, त्याला किती वेळ आणि कष्ट लागले, आणि माणूस समाधानी आहे का.

या चौकटीत दादाला बसवा. वापरकर्ता : इनस्क्रिप्टवर न बघता टाइप करणारा. उद्दिष्ट : रांग खोळंबू न देता अर्ज भरणं. परिस्थिती : लाईट जाते, नेट जातं, शेजारी विचारायला कुणी नाही. आता मला बसवा. वापरकर्ता : मराठी टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच विचार करणारी. उद्दिष्ट : मित्रमैत्रिणींना मेसेज. परिस्थिती : हॉस्टेल, चोवीस तास वायफाय. माझ्यासाठी फोनेटिक खरंच सोपं आहे, पण मी त्याच्या जागी मला बसवलं होतं.

इनस्क्रिप्टबद्दल थोडं सांगते, म्हणजे नुकसान किती खोल होतं ते कळेल. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी प्रमाण केली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. त्यात 'मराठी' लिहायला बोटं सी, जे, ई, शिफ्टसह अवतरणचिन्हाची की आणि आर अशी फिरतात. सराव झाला की ही अक्षरं डोक्यात राहत नाहीत, बोटांत राहतात. दादाच्या बोटांनी फोनेटिकवरही तेच दाबलं, आणि पडद्यावर सी-जे-ई यांचं काहीतरी भलतंच उमटलं. त्याला टाइप करायला येत नव्हतं असं नाही. त्याला येत होतं तेच मी निरुपयोगी केलं होतं.

तिसरं काम : मोजणं, आणि 'छान' या शब्दापासून सावध राहणं

मी दाखवलं, तो म्हणाला, "छान आहे गं." माझ्या दृष्टीने चाचणी संपली. यात दोन घोटाळे आहेत.

पहिला : टाइप कोणी केलं? मी. डेमो म्हणजे चाचणी नव्हे. चाचणीत माउस आणि कीबोर्ड समोरच्याच्या हातात असतो आणि संशोधकाचे हात मांडीवर. माणसाला काम द्यायचं, मोठ्याने बोलत-बोलत करायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. याला थिंक अलाउड म्हणतात. इंटरफेसच्या कामात ही पद्धत आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये आणली. ऐकायला सोपी, करायला अवघड. समोरचा माणूस चुकीच्या बटणाकडे जाताना दिसला की "तिकडे नाही" असं तोंडातून निघतंच. जीभ चावून बसायची सवय करा.

काम देताना शब्द जपून वापरा. "मराठी कीबोर्ड ॲड करा" असं म्हणालात तर उत्तर तुम्हीच दिलंत, कारण बटणावर 'ॲड अ कीबोर्ड' लिहिलेलंच आहे. त्याऐवजी म्हणा : "हा कॉम्प्युटर नवीन आहे. यावर तुम्हाला मराठीत अर्ज लिहायचाय. काय कराल?"

दुसरा घोटाळा त्या 'छान'चा. २०१२ च्या सीएचआय परिषदेत निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळूरमधल्या ४५० मुलाखतींवर आधारलेला एक पेपर मांडला. दोन गोष्टी अगदी एकसारख्या असल्या, तरी 'ही मुलाखत घेणाऱ्याने बनवलेली आहे' असं वाटल्यावर लोकांनी ती पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीच पट झाली. मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाषी, तर पाच पट. आपल्याकडे तर शिकून आलेल्या पोरीचं मन कोण मोडणार? दादाचं 'छान आहे गं' हे माझ्याबद्दल होतं, कीबोर्डबद्दल नव्हतं.

म्हणून आवडलं का हे विचारा, पण त्यावर निष्कर्ष टांगू नका. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली एसयूएस ही दहा विधानांची प्रश्नावली सगळे वापरतात. ० ते १०० गुण मिळतात, ते टक्के नव्हेत, आणि ६८ च्या आसपास सरासरी धरतात. तिच्यात एक विधान कौतुकाचं, एक तक्रारीचं अशी पाळी असते. तोंडी विचारताना तक्रारीच्या विधानाला 'असहमत' म्हणायचं की 'सहमत' यात लोक अडखळतात. मराठीत करून घेतलीत तर आधी चार जणांना वाचून दाखवा आणि त्यांनी काय समजून उत्तर दिलं ते विचारा. सोबत काम पूर्ण झालं का, किती वेळ लागला, किती चुका झाल्या हे मोजाच. वेळ खोटं बोलत नाही, लाईट जाण्याची नोंद ठेवलीत तर!

पाच माणसं पुरतात का?

हा प्रश्न प्रत्येक व्हायवात येतो. जेकब निल्सन आणि थॉमस लँडावर यांच्या १९९३ च्या कामातून 'पाच वापरकर्ते पुरतात' हा नियम रूढ झाला. हिशेब सोपा आहे. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता, म्हणजे ६९ टक्के सुटत होत्या. पाच माणसांनंतर सुटलेल्या उरतात ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.१६. सापडल्या सुमारे ८४ टक्के.

पण नियमाच्या कडा नीट पाहा. हा हिशेब अडचणी शोधण्याचा आहे, दोन इंटरफेसची तुलना करण्याचा नाही. 'नवा जुन्यापेक्षा जलद आहे' असं म्हणायचं असेल तर पाच माणसांवर ते उभं राहत नाही. ३१ टक्के ही त्यांच्या प्रकल्पांची सरासरी आहे. तुमची अडचण दहापैकी एकालाच येणारी असेल तर पाच जणांत ती कुणालाच न येण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे जवळजवळ ५९ टक्के. आणि हे पाच जण एकाच प्रकारचे असायला हवेत. दुकान चालवणारे वेगळे, पहिल्यांदा कॉम्प्युटरवर मराठी लिहिणारी कॉलेजची मुलं वेगळी. दोन गट, तर दोनदा पाच.

चौथं काम : सरावाचा हिशेब

जुन्या साधनाच्या संशोधनात हीच सगळ्यात मोठी मेख. जुना इंटरफेस माणसाने पाच वर्षं वापरलाय आणि नवा पाच मिनिटांपूर्वी पाहिलाय. अशा तुलनेत जुना जिंकला तर त्यातून डिझाइनबद्दल काय कळलं? काहीच नाही, सराव जिंकला. उलट फक्त नवख्यांवर चाचणी घेऊन नवा जिंकला, तर सरावाची माणसं हिशेबातूनच गायब.

यावर तीन साधे उपाय. एक, दोन्ही गट घ्या आणि निकाल वेगवेगळे मांडा. सरासरीत कालवू नका. दोन, एकच माणूस दोन्ही इंटरफेस वापरणार असेल तर निम्म्यांना आधी जुना, निम्म्यांना आधी नवा द्या, नाहीतर पहिल्यात शिकलेलं दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. तीन, एकदाच मोजून थांबू नका. आठवड्याने पुन्हा जा, मग पुन्हा. नव्या गोष्टीचा वेळ दर खेपेला किती घटतो ती रेघ काढा. नवी रेघ जुन्याला कितव्या खेपेला गाठते, हे कळणं 'कोण जिंकलं' यापेक्षा जास्त उपयोगाचं. तोवरचा तोटा म्हणजे बदलाची किंमत, आणि ती कुणाच्या खिशातून जाते हे तुमच्या थीसिसमध्ये लिहिलेलं असायला हवं. डोळखांबमध्ये ती माझ्या खिशातून गेली नव्हती, दादाच्याही फारशी नाही. ती त्या मावशींच्या मजुरीतून गेली. त्या तर आमच्या कॉम्प्युटरच्या 'वापरकर्त्या'ही नव्हत्या.

पूल

शेवटी ते काम सुटलं कसं, हे सांगायचं राहिलं. माझ्या सूचनांनी नाही. लाईट आल्यावर दादाने आपली जुनी वही काढली. विंडोज ७ च्या काळात कुणीतरी लिहून दिलेली वाट तिच्यात होती : विंडोजची की आणि आर एकत्र दाबायचं, छोट्या पट्टीत 'इंटल डॉट सीपीएल' हे नाव टाइप करायचं. त्याने केलं, जुनी 'रीजन' खिडकी उघडली. वहीत लिहिलेला कीबोर्डचा टॅब तिथे नव्हता. पण त्याच खिडकीत एक निळी ओळ होती, 'लँग्वेज प्रेफरन्सेस'. त्याने ती दाबली आणि तो थेट नव्या सेटिंग्जच्या बरोबर पानावर पोचला. मग मराठीवर क्लिक, 'ऑप्शन्स', 'ॲड अ कीबोर्ड', आणि यादीत देवनागरी इनस्क्रिप्ट.

ती निळी ओळ म्हणजे पूल. ज्याने ती तिथे ठेवली त्याला कळलं होतं की लोक जुन्या वाटेने येत राहणार, तर त्या वाटेच्या टोकाला नव्या घराची पाटी असावी. डिझाइन स्पर्धेत अशा ओळीला कुणी बक्षीस देणार नाही. पण जुनं साधन नव्याने मांडायचं असेल तर तुमच्या आराखड्यात या ओळींसाठी वेगळं पान ठेवा : लोक कुठल्या कुठल्या जुन्या वाटांनी येतील, आणि प्रत्येक वाटेवर त्यांना काय दिसेल?

याचा अर्थ नवं करूच नये असा नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी मोबाइलसाठी 'स्वरचक्र' केलं. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याची बाराखडी चक्रासारखी भोवती उमलते. ज्याला इनस्क्रिप्ट येत नाही, पण बाराखडी येते, त्याच्या जुन्या ज्ञानावरच ते उभं आहे. नवं करतानाही पाय ठेवायला माणसाच्या ओळखीची जमीन शोधायची, ही गोष्ट मला त्यातून शिकायला मिळाली.

तुम्ही सुरुवात कराल तेव्हा

तुमच्या घरातल्या, कॉलेजच्या ऑफिसातल्या किंवा गावच्या दुकानातल्या एखाद्या जुन्या सेटिंग्जच्या खिडकीपासून सुरुवात करा. एक दुपार फक्त बघत बसा, हात लावू नका. लोकांच्या वह्या, मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, भिंतीवर पेनाने लिहिलेले पासवर्ड पाहा (पासवर्ड उतरवून मात्र घेऊ नका!). खिडकीने जे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते लोकांनी तिथे लिहून ठेवलेलं असतं. तो तुमचा पहिला डेटा. मग यादी, मग प्रश्न, मग मोजमाप. चित्र सगळ्यांत शेवटी.

दिवाळीत पुन्हा गेले तेव्हा दादाच्या कॉम्प्युटरवर दोन्ही कीबोर्ड होते. विंडोजची की आणि स्पेस दाबून बदलता येतात, हे त्याने स्वतःच शोधलं होतं. त्याची पुतणी संध्याकाळी बसते तेव्हा ती फोनेटिक वापरते, तो इनस्क्रिप्ट. मी खुर्चीत बसले आणि मुद्दाम हात मांडीवर ठेवले. तो हसला आणि म्हणाला, "आज काही सुधारायचं नाही ना, बाय?"

म्हटलं, "नाही. आज फक्त बघायला आलेय." आणि वही उघडली.